कुंदाताई आणि रस्त्यापलीकडची शेड

आमच्या कारखान्यातल्या नेटवर्कच्या पेट्यांना बायकांची नावं होती. बॉयलर हाउसजवळची शेवंता, लॅबमधली सोनाबाई, गेटवरची गंगू, आणि सर्व्हर रूममध्ये मधोमध बसलेली, जिच्यातून सगळ्या कारखान्याच्या माहितीची ये-जा व्हायची ती तुळसाआत्या. सकाळी एखादा ऑपरेटर गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "शेवंता कालपासून बोलत नाहीये." नवीन माणूस दचकायचा. जुन्यांना कळायचं, की बॉयलर हाउसचे कॉम्प्युटर बंद पडलेत आणि नेटवर्क सांभाळणाऱ्या कुंदा साळवेंना बोलवायला हवं.

नावं त्यांच्याच आत्या-मावश्यांची होती. मुख्य कार्यालयातून तपासणीला आलेल्या एका गृहस्थांना ती सहन झाली नाहीत.

"मॅडम, हे प्रोफेशनल नाही. प्लॉट, इमारत, मजला, क्रमांक असा कोड द्या."

"आणि पेटी बंद पडल्यावर वायरमन मला फोनवर काय सांगणार? दोन शून्य सात शून्य एक? एक आकडा चुकला की मी भलत्याच इमारतीत. शेवंता म्हटल्यावर आजपर्यंत कोणी चुकलेलं नाही."

"पण नियम आहे."

"मग तुमच्या अहवालात लिहा, साळवे ऐकत नाही."

त्यांनी लिहिलं. पुढच्या वर्षी आले, पुन्हा लिहिलं. नावं तशीच राहिली.

मी त्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होतो. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतला रसायनांचा कारखाना. मी बदलापूरहून यायचो, कुंदाताई उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून. त्यांनी मला माझ्या नावानं कधी हाक मारल्याचं आठवत नाही. "अहो सेफ्टी!" अशी हाक जिन्याच्या खालून यायची आणि मी हातातलं काम टाकून उठायचो. बुटक्या, रुंद बांध्याच्या, सलवार-कमीज आणि खाली पुरुषी सेफ्टी शूज. पर्समध्ये कंगवा-आरसा नसायचा. केबलची टोकं दाबायची पक्कड असायची. सकाळी सर्व्हर रूममध्ये बसून त्या कॅम्प दोनमधून आणलेली सिंधी न्याहारी, दाल-पकवान, खायच्या. दारावर 'खाद्यपदार्थ आणू नयेत' अशी पाटी होती. ती त्यांनीच लावलेली होती.

'ॲडजस्ट' हा शब्द मात्र त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "जरा ॲडजस्ट करा ना" असं कोणी म्हटलं की त्या मान वर करून विचारायच्या, "कोणी करायचं? तुम्ही की मी?" समोरचा गोंधळायचा. "नाही, सांगा ना. हा शब्द वापरणारा माणूस स्वतः कधी ॲडजस्ट करताना मी पाहिलेला नाही."

वडिलांचं कॅम्प दोनमध्ये एका सिंधी दुकानाच्या पायरीवर रेडिओ दुरुस्तीचं टेबल होतं. कुंदाताई त्या टेबलाखाली बसून शाळेचा अभ्यास करून मोठ्या झाल्या. सिंधी घडाघडा बोलायच्या. एकदा मी त्यांच्याबरोबर केबल घ्यायला त्या बाजारात गेलो होतो. दुकानदार ओळखीचा, त्याला त्या 'अदा' म्हणायच्या, सिंधीत मोठा भाऊ. त्यानं भेंडोळं काढून समोर टाकलं.

"प्युअर कॉपर है, कुंदा बेटी. आँख बंद करके ले जा."

कुंदाताईंनी पक्कड काढली, टोक सोललं, तार नखानं खरवडली. लालसर मुलाम्याखालून पांढरं ॲल्युमिनियम दिसायला लागलं.

"अदा," त्या म्हणाल्या, "हे जर तांबं असेल ना, तर मी नवरी आहे आणि ही माझी वरात."

आजूबाजूचे दोन-तीन दुकानदार हसले. अदा अजिबात ओशाळला नाही. आतून दुसरं भेंडोळं आणलं आणि म्हणाला, "चेक करती है इसलिए दिखाया. बाकी लोग तो करते ही नहीं."

"बाकीचे तुला फसवू देतात," कुंदाताई म्हणाल्या. त्यांनी तेही सोललं, खरवडलं, आणि मग घेतलं.

त्यांच्याशी माझा खरा संबंध आला तो भोंग्यामुळे. आमच्याकडे धोक्याच्या सूचनेसाठी एक जुना भोंगा होता. तो वाजला की काही तरी झालं एवढंच कळायचं. काय झालं, कुठे झालं, वारा कुठला, कोणत्या दारानं पळायचं, यातलं भोंगा काहीच सांगत नसे. एका सरावात तर निम्मी माणसं, जिथे वायू गळतोय असं आम्ही गृहीत धरलं होतं, त्याच दिशेनं धावत गेली. तेव्हा ठरलं, की बोलणारे स्पीकर बसवायचे. नेटवर्कच्या केबलवरूनच आवाज जाणार, कंट्रोल रूममधून एक बटण दाबलं की सगळीकडे सूचना ऐकू येणार.

मी कुंदाताईंना विचारलं, हे होतं कसं.

"आवाज इथून एकदाच निघाला पाहिजे," त्या म्हणाल्या. "प्रत्येक स्पीकरला वेगळा पाठवत बसलात तर रस्ता तुंबेल आणि शेवटच्याला उशिरा कळेल. सरसकट सगळीकडे ओतलात तर बिलिंगच्या कॉम्प्युटरांनाही विनाकारण ऐकवत बसाल. म्हणून स्पीकरनं हात वर करायचा, मला पाहिजे. ज्या फाट्यावर हात वर आहे तिथे पेटी एक प्रत वळवते. जिथे नाही, तिथे काहीच जात नाही. याला मल्टिकास्ट म्हणतात."

"सोपं आहे की."

"सोपंच आहे. रस्ता येईपर्यंत."

आमच्या कारखान्याचे दोन प्लॉट होते आणि मधून सार्वजनिक रस्ता जायचा. अलीकडच्या प्लॉटवर यंत्रं, लॅब, ऑफिस. पलीकडे पॅकिंगची शेड. शेडमध्ये ठेकेदाराच्या बायका काम करायच्या. बदलापूरजवळच्या सोनिवलीच्या, आजूबाजूच्या पाड्यांवरच्या, काही शहाडच्या. पिशव्या शिवायच्या मशिनच्या घरघरीत त्यांना भोंगा नीट ऐकूही जात नसे. सरावाच्या वेळी त्या पुढच्या दारात, रस्त्यावर येऊन उभ्या राहायच्या आणि एकमेकींना विचारायच्या, काय झालं गं?

दोन प्लॉटांना जोडणाऱ्या केबलच्या दोन्ही टोकांना एकेक राउटर होता. कुंदाताईंनी समजावून सांगितलं, की एका प्लॉटच्या आत हा आवाज फिरतो, पण राउटर मुद्दाम सांगितल्याशिवाय तो पुढे सोडत नाही. पलीकडे कोणी हात वर केलाय हे त्याला समजतच नाही. त्याला ते शिकवावं लागतं. म्हणजे मल्टिकास्टचं राउटिंग चालू करावं लागतं.

"मग करा चालू."

"मुंबईची बंदी आहे."

मुख्य कार्यालयात नेटवर्कचे प्रमुख म्हणून मेहता नावाचे गृहस्थ होते. पूर्वी कुठल्या तरी दुसऱ्या कारखान्यात कोणी कॅमेऱ्यांचं चित्रण असंच मोकाट सोडलं होतं आणि सगळं नेटवर्क बसलं होतं. तेव्हापासून त्यांनी सरसकट नियम केला होता. आमचे कारखानाप्रमुख राजवाडे साहेब सभ्य माणूस, पण मुंबईच्या शब्दाबाहेर जायचं नाही हे त्यांचं धोरण. ते म्हणाले, "आधी अलीकडचा प्लॉट होऊ दे. पलीकडचं नंतर पाहू."

अलीकडच्या प्लॉटचं उद्घाटन झालं. स्पीकर बसवणाऱ्या कंपनीची माणसं टाय लावून आली, नारळ फुटला, राजवाडे साहेबांनी बटण दाबलं. एका गोड आवाजाच्या मुलीनं सांगितलं, "कृपया लक्ष द्या. आपत्कालीन परिस्थिती उद्भवली आहे." टाळ्या पडल्या. पेढे वाटले. कंपनीच्या माणसानं काम पूर्ण झाल्याचा कागद कुंदाताईंपुढे धरला.

"सही करते," त्या म्हणाल्या. "सूचना चालू ठेवा. आधी चहा घेऊ."

चहा झाला. टायवाला घड्याळ बघायला लागला.

"अजून एक घ्या," कुंदाताई म्हणाल्या.

दुसरा कप संपायच्या आत गोड आवाज मधेच तुटला. आधी लॅबमध्ये, मग बॉयलर हाउसमध्ये, मग सगळीकडे. टायवाल्यानं बटण पुन्हा दाबलं, केबल हलवली, कोणाला तरी फोन लावला.

"तुमचे स्पीकर चांगले आहेत," कुंदाताई म्हणाल्या. "पण हात अजून वर आहेत का, हे मधूनमधून विचारणारं कोणी तरी लागतं. तुम्ही विचारणारा ठेवलाच नाहीत. थोडा वेळ झाला की पेटीला वाटतं सगळे घरी गेले, आणि ती आवाज बंद करते."

"मॅडम, ते आपण नंतर ॲडजस्ट करू. आज कागद तेवढा…"

पुढे काय झालं ते मी सांगायला नको. टायवाले कागद कोराच घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी परत आले, कुंदाताईंनी विचारण्याचं काम तुळसाआत्याकडे दिलं, अख्खी दुपार सूचना वाजत ठेवली, आणि मगच सही केली. त्या दुपारी सगळ्या कारखान्याचं डोकं उठलं. राजवाडे साहेब केबिनचं दार लावून बसले होते.

तो गोड आवाजही कुंदाताईंना मान्य नव्हता. "या आवाजावर कोण उठून पळेल? मॉलमध्ये सेल लागलाय असं वाटतं." त्या सरळ रस्ता ओलांडून पॅकिंगच्या शेडमध्ये गेल्या आणि कमळ भोईरला घेऊन आल्या. कमळ सोनिवलीची. सहा फुटी वाटावी अशी उंच, आणि मशिनच्या घरघरीवरून शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा गळा. ऑफिसच्या इमारतीत ती पहिल्यांदाच आली होती. चपला बाहेर काढायला लागली.

"चपला घाल," कुंदाताई म्हणाल्या. "हे काही देऊळ नाही."

मी सूचनांचा मजकूर लिहून दिला होता. कमळनं दोन ओळी वाचल्या आणि कागद खाली ठेवला. "साहेब, असा कोन बोलतो? आग लागली तर मी असा बोलीन का?"

"मग कसं बोलशील?"

कमळनं कंबरेवर हात ठेवला, छाती भरून घेतली आणि ओरडली, "उठा गो! डबे ठेवा तिथंच! मागल्या दारानं भायेर निघा, नाल्याच्या अंगाला चला! रस्त्यावं कोनी जायाचा नाय!"

शेजारच्या हिशोब खात्यातले दोन जण खरंच उठून बाहेर आले. कुंदाताई रेकॉर्डिंग बंद करत म्हणाल्या, "झालं. हेच राहील."

पण ज्या शेडसाठी कमळ ओरडली होती, तिथे स्पीकर छताला नुसते टांगलेले होते, तिचा आवाज पोचत नव्हता. कुंदाताईंनी मुंबईला तीनदा विनंती पाठवली. तीनदा नकार आला. शेवटी राजवाडे साहेबांनी बैठक बोलावली, मेहता पडद्यावर होते.

"पलीकडच्या शेडला फोन आहे," मेहता म्हणाले. "आणीबाणीत कंट्रोल रूममधून फोन करायचा. एका शेडसाठी मी सगळ्या नेटवर्कची जोखीम घेणार नाही."

"साहेब," कुंदाताई राजवाडेंकडे वळून म्हणाल्या, "तुम्हीच लावा ना फोन. आत्ता."

"आत्ता कशाला?"

"आत्ता आणीबाणी आहे असं समजा."

राजवाडे साहेबांनी टेबलावरचा फोन उचलून लावला. रिंग जात राहिली. आम्ही सगळे ऐकत होतो. त्यांनी पुन्हा लावला. तेवढ्यात पडद्यावरून मेहता उठून कोणाशी तरी बोलून परतही आले. फोन कोणीच उचलला नाही. शिवणाऱ्या मशिनच्या आवाजात तो कोणाला ऐकूच गेला नव्हता.

"बायका कामात असतील," राजवाडे साहेब म्हणाले.

"कामातच असतात त्या," कुंदाताई म्हणाल्या. "म्हणूनच म्हणतेय."

बैठक 'विषय विचाराधीन' म्हणून संपली.

आमच्या वसाहतीत शुक्रवारची सुट्टी असते. त्यानंतरच्या शुक्रवारी देखभालीसाठी मोजकी माणसं आली होती, त्यात मीही होतो. सकाळी कुंदाताईंनी दाल-पकवान संपवली, हात धुतले आणि म्हणाल्या, "सेफ्टी, तुम्ही पलीकडच्या शेडमध्ये जाऊन उभे राहा. फोन करू नका. ऐकू आलं तर येऊन सांगा."

त्यांनी काय केलं ते मला नंतर समजलं. दोन्ही बाजूंच्या राउटरांना त्यांनी मल्टिकास्ट शिकवलं. पलीकडच्या स्पीकरांनी हात वर केला की त्याची खबर तुळसाआत्याकडे पोचेल आणि आवाजही आधी तिथेच येईल, अशी गाठ घालून दिली. मुभा फक्त धोक्याच्या सूचनेला, तीही फक्त कंट्रोल रूममधून निघालेल्या. बाकी कशालाही पुढे जाता येणार नाही, म्हणजे मेहतांची भीती उरणार नाही. एवढं करूनही पहिल्यांदा शेडमध्ये काहीच आलं नाही. मी रिकाम्या मशिनांमध्ये उभा राहून परत आलो. त्यांनी पुन्हा शोधाशोध केली. आवाज निघताना त्याला एकच टप्पा जायची परवानगी कंपनीनं ठेवली होती. पहिल्या राउटरपाशीच तो संपत होता. तो आकडा त्यांनी वाढवला आणि मला पुन्हा पिटाळलं.

मी शेडमध्ये पाऊल टाकलं आणि छतातून कमळ ओरडली, "उठा गो!" रिकाम्या शेडमध्ये मीच उडालो.

परत आलो तेव्हा कुंदाताई मेल लिहीत होत्या. मेहता, राजवाडे, सगळे खातेप्रमुख, सगळ्यांना. मला वाचून दाखवला: "रस्त्यापलीकडच्या शेडसाठी मल्टिकास्ट राउटिंग मी आज चालू केलं आहे. काय काय बदललं ते सोबत दिलं आहे. ज्यांना हे बंद करायचं असेल त्यांनी स्वतःच्या नावानं लेखी आदेश द्यावा, मी लगेच बंद करीन."

"कुंदाताई, नोकरी जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे की. पण आदेशावर सही कोण करतो ते तरी बघू."

शनिवारी फोन खणखणले. मेहता ओरडले, राजवाडे साहेबांचा रक्तदाब चढला, कोणी म्हणे ही शिस्तभंगाची हद्द झाली. तोंडी सगळे सांगत होते, बंद करा. कुंदाताई प्रत्येकाला एकच विचारायच्या, "लेखी देताय?" लेखी कोणीच दिलं नाही. त्या शेडमध्ये माणसं आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. आवाज बंद करा असं लिहून खाली आपलं नाव घालायला एकही हात पुढे आला नाही. राउटिंग चालू राहिलं.

मग उन्हाळ्यात एका दुपारी आम्लाचा टँकर रिकामा होत असताना नळी फुटली. तांबूस धूर उठला आणि वाऱ्यानं सरळ रस्त्यावर, पॅकिंगच्या शेडकडे निघाला. मी कंट्रोल रूममध्येच होतो. बटण दाबलं. टँकरजवळची माणसं वाऱ्याच्या उलट अंगाला आली होती, त्यांना धोका नव्हता. मी खिडकीतून पाहिलं तर कुंदाताई बाजूच्या गेटकडे धावत होत्या.

मी बाहेर येऊन ओरडलो, "ताई, तिकडे जाऊ नका!"

"शेडमध्ये जात नाहीये! मला ऐकायचंय!"

गेटच्या गजांना धरून त्या उभ्या राहिल्या. ओढणी नाकातोंडावर दाबलेली. धूर डावीकडून रस्ता ओलांडत होता. मी त्यांच्या शेजारी पोचलो तेव्हा मलाही ऐकू आलं. मशिनच्या घरघरीच्या वरून, पलीकडच्या शेडमधून, "मागल्या दारानं भायेर निघा! रस्त्यावं कोनी जायाचा नाय!" मग एकेक मशीन थांबलं. घरघर विरली आणि नुसता तो आवाज उरला. पुढच्या दारात कोणीही आलं नाही. शेडच्या मागे, नाल्याच्या काठानं, बायका पदर तोंडाला लावून एका रांगेत निघालेल्या दिसल्या. सगळ्यांच्या पुढे कमळ होती, आणि ती पुन्हा तेच ओरडत होती, तोंडानं.

कुंदाताईंनी गज सोडले नाहीत. शेवटची बाई नाल्याच्या वळणामागे जाईपर्यंत त्या ओठ हलवत होत्या. मोजत असाव्यात. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता द्या म्हणावं लेखी."

दोघी-तिघींना खोकला झाला, एकीचे डोळे चुरचुरले. बाकी कोणाला काही झालं नाही.

घटनेची चौकशी झाली. नळी का फुटली याची एक, आणि कुंदा साळवे यांनी परवानगीशिवाय नेटवर्कमध्ये बदल का केला याची दुसरी. दुसरीला मी साक्षीदार म्हणून बसलो होतो. चौकशी करणारे अधिकारी बाहेरून आलेले, मऊ बोलणारे.

"बदल तुम्ही केलात?"

"हो."

"परवानगी नव्हती?"

"नव्हती."

"म्हणजे चूक मान्य आहे."

"बदल मान्य आहे. चूक नाही."

ते हसले. म्हणाले, बाई, प्रकरण वाढवायची कोणाचीच इच्छा नाही. अनवधानानं झालं, यापुढे होणार नाही, असं दोन ओळीत द्या, फाइल बंद करू.

"अनवधानानं?" कुंदाताई खुर्चीत पुढे सरकल्या. "तीनदा विनंती पाठवली, बैठकीत बोलले, सुट्टीचा दिवस निवडला, माणूस उभा करून तपासलं, आणि सगळ्यांना कळवलं. एवढ्या अवधानानं मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही. अनवधान लिहायचं असेल तर ज्यांनी ती शेड सोडून बाकी सगळीकडे आवाज पोचवायचं ठरवलं, त्यांच्याकडून लिहून घ्या."

त्यांची बढती थांबवली आणि नेटवर्कचं काम काढून घेऊन त्यांना भांडारात बसवलं. राउटिंगला मात्र कोणी हात लावला नाही. काही महिन्यांनी मुंबईहून परिपत्रक आलं: ज्या ज्या कारखान्यात आवार विभागलेलं आहे तिथे धोक्याची सूचना सर्व भागांत पोचेल अशी मल्टिकास्ट व्यवस्था तातडीनं करावी. खाली मेहतांची सही. कोणाचं नाव नाही, कुठल्या शेडचा उल्लेख नाही.

कुंदाताईंनी ते परिपत्रक आणि स्वतःच्या शिक्षेचं पत्र, दोन्ही शेजारीशेजारी, राजवाडे साहेबांच्या केबिनबाहेरच्या फलकावर टाचलं. शिपायानं काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन्ही तिथेच. असं बरेच दिवस चाललं. शेवटी एकदा राजवाडे साहेब स्वतः बाहेर आले, फलकासमोर उभे राहिले, दोन्ही कागद वाचले आणि आत गेले. त्यानंतर शिपायाला ते काढायला कोणी सांगितलं नाही.

पुढे कुंदाताईंनी नोकरी सोडली. सोडतानाही त्यांना कोणी "निरोपाचे दोन शब्द बोला" म्हटलं, तेव्हा म्हणाल्या, "निरोप कसला? कंटाळा आला म्हणून जातेय." कॅम्प दोनमध्ये त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं, असं कानावर यायचं. मीही कारखाना बदलला.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते सोनिवलीत, कमळच्या मुलीच्या हळदीला. आता तिथे चारी बाजूंनी उंच इमारती उभ्या आहेत आणि मधे गावाची कौलं. मांडव मोठा होता, डीजे दणदणत होता, मावळतीचं ऊन मांडवाच्या कडेनं आत येत होतं. कुंदाताईंच्या दोन्ही गालांना हळद फासलेली. मला बघून त्यांनी लांबूनच "अहो सेफ्टी!" अशी हाक मारली, पण बोलणं झालं नाही, कारण तेवढ्यात पंगत बसायला लागली.

पंगत पुरुषांची होती. बायका घराच्या ओट्यावर थांबल्या होत्या, कडेवर पोरं घेऊन. बाकं भरत आली आणि कुंदाताई मांडवात शिरल्या, पहिल्या रांगेत एका रिकाम्या जागी बसल्या आणि समोरची पत्रावळ सरळ केली.

यजमानांकडचे एक वयस्कर गृहस्थ लगबगीनं आले. "ताई, आधी पुरुषमंडळी उठू द्यात. मग बायकांचीच पंगत आहे. जरा वेळ…"

कुंदाताईंनी वर पाहिलं नाही. मान ओट्याकडे वळवून कमळला हाक मारली, "ये. बस इथे."

कमळ क्षणभर थांबली. ज्या बाईच्या आवाजानं अख्खी शेड बाहेर काढली होती, ती स्वतःच्या मांडवात पाऊल टाकायला अडखळत होती. मग तिनं कडेवरचं पोर जावेकडे दिलं, ओट्यावरून उतरली आणि येऊन कुंदाताईंच्या शेजारी बसली. तिच्यामागून शहाडची एक, मग पाड्यावरच्या दोघी. माझ्या शेजारचा एक माणूस नकळत सरकला आणि जागा झाली. मीही उठून बाजूला उभा राहिलो.

वाढपी हातात भाताचं पातेलं घेऊन रांगेच्या टोकाला थबकला होता. तो त्या गृहस्थांकडे बघत होता, गृहस्थ कमळकडे.

कुंदाताईंनी पत्रावळीवर पाण्याचे थेंब शिंपडले, हातानं पुसले आणि म्हणाल्या, "वाढ रे. भात निवतोय."